नकाशात नसलेला ओढा

आमच्या घरात जेवणाचं टेबल नव्हतं, नकाशाचं होतं. जयनगरातल्या त्या भाड्याच्या घरात पुढची खोली जवळजवळ त्या टेबलानंच व्यापलेली, आणि उरलेल्या जागेत आम्ही तिघं, म्हणजे अण्णा, आई आणि मी, अंग चोरून वावरायचो. अण्णा म्हणजे माझे वडील. एका सरकारी कचेरीत ते ड्राफ्ट्समन होते. दिवसा सरकारचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी घरी खाजगी कामं करायचे. टेबलावर ट्रेसिंगचं निळसर कापड ताणून बसवलं की आई ताटं आत न्यायची आणि आम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जेवायचो. पेनाचं टोक कापडावरून सरकताना बारीक करकर व्हायची. त्या आवाजात मी शाळा संपवली आणि कॉलेजात गेले. शाई भरणं, पेनाची पाती पुसणं, कापडाचं टोक धरून ठेवणं ही माझी कामं. अण्णांचा हात असा की एकदा काढलेली रेघ खोडायची वेळ येत नसे. कचेरीत त्यांच्या रेघेवर कुणी दुसऱ्यांदा पट्टी ठेवत नाही, असं फार खुशीत असले तर ते म्हणायचे.

आमचं घराणं बंगळुरात साडेतीनशे वर्षांचं. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, असा नियम होता म्हणे. पण कन्नड कधीच आत येऊन चुलीपाशी बसली होती. नाचणीला आम्ही रागी म्हणायचो, आमटीला सारू, आणि पोट भरलं की ताटावर हात आडवा धरून 'साक', म्हणजे पुरे, म्हणायचो. पुण्याहून एखादी पाहुणी आली की आई दोन दिवस जपून बोलायची आणि तिसऱ्या दिवशी 'स्वल्प मीठ घाला' म्हणून मोकळी व्हायची.

थंडीत आमच्या दाराशी लक्ष्मक्का यायची. के. आर. पुरमच्या पलीकडे तिचं गाव. त्याचं नाव लिहीत नाही; आता ते फक्त एका बसथांब्याला उरलं आहे. पहिल्या बसनं निघून ती अवऱ्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या पावट्याच्या, शेंगांची टोपली घेऊन जयनगरात उतरायची. दव पडलेल्या त्या शेंगांना एक तेलकट, उग्र वास असतो. तो बोटांना लागला की दिवसभर जात नाही, आणि आमच्या इथल्या माणसाला त्याहून चांगला वास ठाऊक नसतो. तिच्याबरोबर तिची मुलगी रत्ना असायची, माझ्याहून वर्षभरानं मोठी. आई दोघींना कॉफी द्यायची, आणि मी आणि रत्ना पायरीवर बसून भिजवलेले दाणे चिमटीत दाबून साल काढायचो. दाणा टपकन बाहेर उडायचा. रत्नाचे सगळे दाणे पातेल्यात पडायचे, माझे अर्धे रस्त्यावर. ती बोलायची कमी, पण एकदा तिनं सांगितलं होतं की तिला मास्तरीण व्हायचं आहे, ट्रेनिंगला तिचं नाव लागेल असं शाळेत म्हणतात. त्यांच्या गावातली ती पहिलीच ठरणार होती.

लक्ष्मक्काची जमीन थोडी तळ्याखाली आणि थोडी चढावर. तळ्याखालच्या तुकड्यात भात, चढावर रागी आणि तिच्यात ओळी धरून अवरे. तळं भरलं की भात होतो हे कुणीही सांगेल. पण तळ्यानं विहिरी भरतात, आणि चढावरच्या रागीला पावसानं ऐन दाणा भरताना दगा दिला तर त्याच विहिरीच्या दोन पाण्यांवर ती तगते, हे तिनं आईला सांगितलेलं मला आठवतं. आई शेंगा निवडत ऐकत होती. मीही ऐकत होते. शहरातली माणसं ऐकतात तसं.

त्याच सुमाराला एका गृहनिर्माण संस्थेचं काम अण्णांकडे आलं. के. आर. पुरमच्या पलीकडच्या माळावर लेआउट पाडायचा होता. संस्थेचे सेक्रेटरी स्वतः घरी यायचे. मृदू बोलणारे गृहस्थ, आईनं दिलेली कॉफी बशीत न ओतता हळूहळू पिणारे. अण्णांनी जुन्या गावनकाशावरून माळाची हद्द उतरवून घेतली. त्या नकाशावर वायव्येकडून एक निळी दुहेरी रेघ वळणं घेत माळातून जात होती आणि खालच्या तळ्याला मिळत होती. तिथले लोक तिला राजकालुवे म्हणतात. वरच्या सगळ्या उतारांचं पाणी गोळा करून तळ्यात आणून सोडणारा तो मोठा ओढा. सेक्रेटरी त्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "इथे आता पाणी कुठे आहे? तुम्ही स्वतः जाऊन बघा." अण्णा गेले. एप्रिल महिना होता. कोरडा खड्डा, त्यात एरंडाची झाडं आणि दोन शेळ्या, एवढंच त्यांनी पाहिलं.

त्या आठवड्यात मी शाई भरून दिली आणि कापडाचं टोक धरून उभी राहिले. रस्ते झाले, साइट्सचे, म्हणजे घरांच्या प्लॉटचे, चौकोन झाले, त्यांत आकडे पडले. माझं लक्ष खाली दिसणाऱ्या जुन्या नकाशाकडे गेलं आणि मी म्हटलं, "अण्णा, ही निळी राहिली."

"ती आता लागत नाही," अण्णा म्हणाले.

त्यांनी मान वर केली नाही. मी पुढं काही विचारलं नाही. ओढा होता तिथून साइट्सची एक अख्खी रांग वाढली आणि तिच्यातली एक, महिन्याभरानं, आमच्या नावावर झाली. कुणी कुणाला काही म्हटलं नव्हतं. आईनं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं स्वयंपाकघर काढलं, पूर्वेला मोठी खिडकी काढली, आणि तो कागद ती पोळपाटाखाली ठेवायची. तिच्या लग्नानंतरचं ते आमचं सातवं भाड्याचं घर होतं. तिच्या आनंदाची मी आजही चेष्टा करू शकत नाही.

त्यानंतरच्या थंडीत लक्ष्मक्का एकदाच आली. टोपली अर्धी, शेंगा चपट्या. रत्ना बरोबर नव्हती. "या वर्षी असंच," एवढंच ती म्हणाली. पुढच्या थंडीत ती आलीच नाही. आई दोन-तीन दिवस दाराकडे बघत राहिली आणि मग बाजारातून अवरे आणायला लागली. बंगळुरात दोन्ही वर्षं पाऊस उत्तम झाला होता. छत्र्या वाळवायला जागा पुरली नव्हती. त्यामुळे तिचं पीक गेलं असेल हे आमच्या डोक्यातही आलं नाही. पाऊस पडला म्हणजे पिकलं, एवढंच शहराचं शेतीज्ञान असतं, आणि माझं तर आजही फारसं वाढलेलं नाही.

माझ्या डिग्रीच्या पहिल्या वर्षी घराचं काम सुरू झालं. दर रविवारी अण्णा आणि मी बस बदलत तिकडे जायचो. माळावर सगळीकडे दगड घडवण्याचा टाक-टाक आवाज भरलेला असायचा, मधूनच के. आर. पुरमहून सुटलेल्या गाडीची शिटी यायची. पाया दगडाचा, वर विटा. कुंपणाची भिंत आधी उभी राहिली होती. मी डब्यानं भिंतींवर पाणी मारायचे. आईनं दिलेली चपाती आणि चटणी आम्ही सिमेंटच्या पोत्यांवर बसून खायचो.

अशाच एका रविवारी डोक्यावर मातीची टोपली घेऊन चाललेली एक बाई माझ्यासमोरून गेली आणि मला तिची चाल ओळखीची वाटली. "लक्ष्मक्का?" मी हाक मारली. ती थांबली. टोपली डोक्यावरच होती. गाल आत गेलेले, हातातल्या काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तिनं मला ओळखलं आणि तिला ते आवडलं नाही असं मला वाटलं.

"तुमचं घर का हे, पुट्टी?" तिनं विचारलं. पुट्टी म्हणजे छोटी; आमच्या बोलण्याची भाषा अर्थातच कन्नड. मी ती इथे मराठीत लिहिते आहे.

अण्णा पुढे आले. तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं. ते सगळ्यांनाच 'तुम्ही' म्हणायचे. "तुम्ही इथे कशा? शेत?"

"शेत आहे की तिथंच," ती म्हणाली. "तळं भरत नाही, स्वामी. दोन वर्षं झाली. पाऊस येतो, आम्ही बांधावर जाऊन उभे राहतो. पाणी येत नाही. वरचं पाणी कुठं जातं कळत नाही. कुणी म्हणतं देवीचा कोप, बकरं कापलं. कुणी म्हणतं वरच्या गावानं अडवलं, तर आमची पोरं तिकडे जाऊन भांडून आली. डोकी फुटली दोघांची."

अण्णांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली.

ती सांगत गेली, रागानं नाही, एखाद्या तिसऱ्याच घरचं सांगावं तसं. पहिल्या वर्षी भात लावलाच नाही. विहिरी खाली गेल्या, आणि रागीला शेवटची दोन पाणी मिळाली नाहीत. कणसं आली पण हातात चोळली तर भुसा. तेव्हा गावानं जमिनीतलं पेव उघडलं. आत दिवा सोडून हवा बघितली, दिवा विझला नाही, मग माणूस उतरला. आजोबांच्या वेळेपासून वाईट वर्षासाठी ठेवलेली रागी होती ती. ती वर्षभर पुरली. दुसऱ्या वर्षी पेव रिकामं. पेंढा नाही म्हणून बैल विकले, बैल गेले तसं शेण गेलं, खत गेलं, नांगर गेला. शेवटी बियाण्याची रागी दळली. "बियाणं जात्यात घालताना सासूनं तोंड फिरवलं," लक्ष्मक्का म्हणाली. "त्यानंतर ती बोललीच नाही फारसं. जूनमध्ये गेली." आता गावातली निम्मी माणसं या लेआउटवर माती वाहत होती. तेवढीच रोजची मजुरी.

"आणि रत्ना?" मी विचारलं.

"दिली. होसूरच्या पलीकडे." तिनं पदरानं तोंड पुसलं. "बायको गेलेली त्याची, दोन मुलं आहेत. त्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे. खायला मिळेल तिला."

"ट्रेनिंग?"

"नाव लागलं होतं," ती म्हणाली, टोपली उचलली आणि गेली.

त्या दिवशी आमची चपाती तशीच घरी आली. बसमध्ये अण्णा खिडकीकडे बघत होते. मला एक वाक्य बोलायचं होतं आणि ते मी उतरेपर्यंत बोलले नाही. घराच्या गल्लीत शिरताना म्हटलं, "ती निळी रेघ."

"हो," अण्णा म्हणाले. "आईला काही सांगू नकोस."

पुढच्या रविवारी ते साइटवर गेले नाहीत. मला घेऊन सरळ त्या गावात गेले. मुनियप्पा नावाचे एक म्हातारे तिथले नीरगंटी होते, म्हणजे तळ्याचं पाणी सोडायचं दार उघडून कुणाच्या शेताला किती वेळ पाणी द्यायचं ते ठरवणारा माणूस. पिढ्यान्‌पिढ्या तेच काम. दोन वर्षं त्यांना उघडायला काही नव्हतं, तरी ते रोज सकाळी बांधावर जाऊन बसायचे. तळ्यात मधोमध हिरवट पाण्याचं एक डबकं, बाकी सगळीकडे भेगा. अण्णांनी विचारलं, "ओढा कुठून येतो ते बघू या?" मुनियप्पा म्हणाले, "मी गेलो होतो. वरती मातीचा डोंगर घातलाय. तिथून पुढं कळत नाही. लेआउटवाले आत सोडत नाहीत."

आम्ही कोरड्या पात्रातून वर चालू लागलो. मुनियप्पा पुढे, मग अण्णा, मग मी. अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की आता अण्णाच पुढे झाले आहेत. कुठे वळायचं हे ते कुणाला विचारत नव्हते. भरावाच्या मातीपाशी पात्र संपलं. आम्ही वर चढलो, आणि समोर आमच्या कुंपणाची दगडी भिंत होती. मी स्वतः पाणी मारून पक्की केलेली. भरावाच्या वरच्या अंगाला ओढ्याचं तोंड होतं, आणि तिथलं पाणी नव्या रस्त्याच्या गटारातून रेल्वेच्या बाजूला, भलतीकडेच वाहून जायचं. ते वाहून गेल्याच्या खुणा मातीत स्पष्ट होत्या.

मुनियप्पांनी भिंतीवर हात ठेवला. "हे घर कुणाचं?"

"माझं," अण्णा म्हणाले.

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. भिंतीवरचा हात काढून घेतला. मला वाटलं ते ओरडतील, आणि ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर तीन आठवडे गेले. अण्णा सेक्रेटरींना दोनदा भेटले. "पाइप टाकू, पुढच्या मीटिंगला घेतो विषय," ते मृदूपणे म्हणाले, आणि दुसऱ्यांदा म्हणाले, "नकाशावर सही कुणाची आहे तेही लक्षात ठेवा." मग अण्णांनी आईला सांगितलं. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते. आईनं पोळपाट सरकवल्याचं ऐकू आलं. नंतर तिचा आवाज आला, "म्हणजे मी लक्ष्मक्काच्या पाण्यावर चूल मांडणार होते." आणि थोड्या वेळानं, अगदी वेगळ्या आवाजात, "पण मग आपण जायचं कुठे हो?" तिची दोन्ही वाक्यं खरी होती.

हस्ताचा पाऊस त्या वर्षी सलग चार दिवस झाला. चौथ्या दिवशी सकाळी उघडीप पडली आणि सेक्रेटरींचा माणूस गाडी घेऊन दारात आला. गावकरी कुदळी-फावडी घेऊन लेआउटवर आलेत, रस्ता फोडणार म्हणतात, पोलीस बोलावलेत, तुम्ही मंजूर नकाशा घेऊन चला. अण्णांनी नकाशाची गुंडाळी घेतली, आणि मग कपाटातून जुन्या गावनकाशाची नक्कलही घेतली. मी न विचारता गाडीत बसले. आईनं दारातून पाहिलं. अडवलं नाही.

माळावर मी इतकी माणसं कधी पाहिली नव्हती. एका बाजूला गावातले साठ-सत्तर जण, बायाही होत्या, सगळे पोटरीपर्यंत चिखलात. दुसऱ्या बाजूला आमच्यासारखे साइटवाले, निवृत्त कारकून, एक पोस्टमास्तर, शाळेतले मास्तर, छत्र्या मिटून काठीसारख्या धरलेल्या. मध्ये एक फौजदार आणि चार पोलीस. भरावाच्या वर गढूळ पाणी छातीइतकं साठलं होतं आणि रस्त्याच्या गटारातून धो-धो रेल्वेकडे चाललं होतं. भरावाच्या खालच्या अंगाला ओढ्याचं पात्र तसंच कोरडं. दोन्हींच्या मध्ये पंधरा-वीस पावलांची माती आणि आमची भिंत. मुनियप्पा सगळ्यांच्या पुढे कुदळ घेऊन उभे होते. एका पोलिसानं त्यांच्या कुदळीचा दांडा धरला होता. ते सोडत नव्हते आणि ओढतही नव्हते. लक्ष्मक्का त्यांच्या मागे होती.

"आज पाणी गेलं तर वर्ष गेलं," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "हे तिसरं."

"पहिला घाव घातला की सगळ्यांना गाडीत घालीन," फौजदार म्हणाले. ते तरुण होते आणि घाबरलेले दिसत होते, म्हणून मला अधिक भीती वाटली. त्यांनी अण्णांना बोलावलं. सेक्रेटरींनी जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून मी कोपरा धरला. रोजच्यासारखा.

"हा नकाशा तुम्ही काढला?"

"हो."

"यात ओढा नाही."

"नाही."

"बघा," सेक्रेटरी गावकऱ्यांकडे वळून म्हणाले. "सरकारनं मंजूर केलेला कागद आहे." गर्दीत हालचाल झाली, एक दगड येऊन जीपच्या चाकाला लागला, पोलिसांनी लाठ्या वर केल्या.

अण्णांनी दुसरी गुंडाळी उघडली आणि पहिल्या नकाशावर ठेवली. "नकाशात ओढा नाही," ते कन्नडमध्ये म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "जमिनीवर आहे. हा जुना नकाशा. ही निळी रेघ मी बघितली आणि नव्या नकाशात घातली नाही. मला माहीत होतं."

"तुम्ही काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?" फौजदारांनी हळूच विचारलं.

"कळतंय. लिहून देतो."

सेक्रेटरी काहीतरी बोलत होते, ते कुणी ऐकलं नाही. फौजदारांनी दोन्ही कागद पुन्हा पाहिले, पाण्याकडे पाहिलं, मग अण्णांना म्हणाले, "ओढा नेमका कुठून जातो?" अण्णा चिखलातून चालत गेले आणि आमच्या भिंतीपाशी उभे राहिले. "इथून." मुनियप्पांच्या कुदळीवरचा पोलिसाचा हात निघाला. म्हातारे पुढे आले, पण त्यांनी कुदळ स्वतः चालवली नाही. ती अण्णांपुढे धरली.

अण्णांनी कधी पेनापेक्षा जड काही उचललं नव्हतं. पहिला घाव दगडावरून घसरला. चौथ्या-पाचव्याला एक दगड हलला. मग सगळे धावले. भिंत पडायला वेळ लागला नाही. भराव फोडायला दुपार झाली. साइटवाल्यांतला तो पोस्टमास्तर, आमचा शेजारी होणारा, माझ्याजवळच उभा होता. त्याची साइटही त्या रांगेत होती. "तुमच्या वडलांनी स्वतःची साइट दिली, ठीक आहे," तो मला म्हणाला. "माझी का दिली?"

पाणी सुटलं तेव्हा आरडाओरडा झाला नाही. ते पात्रातला कचरा, एरंडाची पानं, सिमेंटच्या पिशव्या घेऊन खाली निघालं आणि माणसं त्याच्या बाजूनं चालू लागली, लग्नाच्या वरातीच्या चालीनं, त्याच्या पुढे जायचं नाही असं ठरवल्यासारखी. लक्ष्मक्का आमच्यासमोरून गेली. तिनं अण्णांकडे पाहिलं, थांबली, आणि पाण्यामागे गेली.

अण्णांची चौकशी झाली. परवानगीवाचून खाजगी काम केलं, त्यातही दडपादडपी केली. नोकरी गेली नाही, पण त्यांना रेकॉर्डच्या खोलीत बसवलं, आणि निवृत्तीपर्यंत त्यांनी एकही रेघ काढली नाही. संस्थेनं त्या रांगेतल्या तीन साइट्स रद्द केल्या आणि रस्त्याखालून मोठे पाइप टाकले. पोस्टमास्तरांना आणि तिसऱ्या माणसाला दुसरीकडे जागा मिळाली, आम्हाला नाही. आईनं ते नकाशाचं टेबल पुढच्या महिन्यात विकलं. पुढची खोली एकदम मोठी झाली आणि आम्हाला तिच्यात कसं वावरावं ते कळेना. मला लोक विचारतात, शेवटी काय उपयोग झाला? आता तिथे शेत नाही, त्या गावच्या मुलांनीच पुढे जमिनी विकल्या, आणि पाऊस मोठा झाला की त्या भागातल्या उंच इमारतींच्या तळघरात गाड्या बुडतात. पाणी अजून जुनीच वाट शोधत असतं. असं विचारणाऱ्यांना मी सांगते की त्यानंतर अकरा वर्षं त्या तळ्याखाली भात पिकला. अकरा वर्षं जेवलेल्या माणसांना उपयोग विचारा.

पहिला भात उगादीनंतर कापला. मुनियप्पांचा निरोप आला की जेवायला यावं. आई आली नाही. अण्णा जावं की न जावं करत होते. शेवटी मीच त्यांना घेऊन गेले. बांधावर केळीची पानं मांडली होती. नव्या तांदळाचा भात चिकट, वाफाळता, त्यावर वाळवलेल्या अवऱ्याचं सारू. लक्ष्मक्का वाढत होती. गाल थोडे भरले होते. ओळीनं वाढत ती अण्णांच्या पानापाशी आली आणि उभी राहिली.

"दोन वर्षं तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. बाजूची माणसं जेवायची थांबली.

"हो."

"अर्धी टोपली घेऊन मी तुमच्या दारात बसले होते. अम्मांनी कॉफी दिली होती."

"हो." अण्णा पानाकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली. "लक्ष्मक्का, मी होसूरला जाऊन त्या लोकांशी बोलू का? रत्नाचं ट्रेनिंग अजून होऊ शकेल. मी अर्ज लिहीन, फेऱ्या घालीन."

"तिला सातवा महिना आहे," लक्ष्मक्का म्हणाली.

तिनं भाताचा मोठा ढीग त्यांच्या पानावर घातला, मध्ये खळगा केला आणि त्यात सारू ओतलं. अण्णा जेवले. ती परत आली, पुन्हा तेवढंच वाढलं. ते तेही जेवले. मला दिसत होतं की त्यांचं पोट केव्हाच भरलं आहे. तिसऱ्यांदा ती पातेलं घेऊन समोर उभी राहिली आणि वाट बघत राहिली. साक म्हणायचं, हात आडवा धरायचा, एवढंच करायचं होतं. अण्णांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि तिनं वाढलं.